पान टाक वं, मानूस आला

रायपूर, रायपूर, रायपूर. थेट रायपूर. भंडाऱ्याले चहा, देवरीले लघवी, मंग डोळे उघडसान त रायपूर.

हा आवाज माहा आहे. नागपूरच्या बस स्टँडसमोर एका खाजगी लक्झरी बसचं आफिस आहे, त्याच्या पायरीवर उभा राहून मी दिवसभर प्रवाशाईले हाका मारतो. वय काही फार नाही माहं, लग्नाच्या बाजारात अजून मांडता येते. आवाजानं मात्र रिटायर झालो. याच्या पहिले मी एका आर्केस्ट्रात मिमिक्री करत होतो. धंदे दोन्ही गळ्याचेच. फरक एवढा का तवा लोक पैसे देऊन माह्यापुढं बसत, आता मी ओरडतो अन् लोक बाजूच्या आफिसात जाऊन बसतात.

तिकीट फाडलं का हरेक प्रवासी एकच विचारते, भाऊ, इथं जेवाले कुठी चांगलं भेटन? चांगलं म्हणजे स्वस्त, हे तो बोलत नाही, त्याचं तोंड बोलते. या अंकाच्या संपादक साहेबाईनंही तिकीट काढता काढता हेच विचारलं. मी तिथंच उभ्यानं इतकं सांगितलं का त्यांची बस निघून गेली. ते म्हणाले, आता बस गेलीच आहे तर हे लिहूनच द्या. तर लिहून राहिलो. पण माहं सांगणं लक्झरीसारखं थेट जात नाही, पारशिवनीच्या यष्टीसारखं हरेक खेड्यात शिरून पुढं जाते. तेवढं सांभाळून घ्या.

पहिले माहा जुना धंदा समजून घ्या. आर्केस्ट्रात एक गाणं संपलं का गाणारी बाई साडी बदलायले जाते, ढोलकवाला ढोलकी शेकते, अन् मास्तर पुढच्या गाण्याचा कागद शोधतात. मास्तर म्हणजे आमचे अकॉर्डियनवाले, आर्केस्ट्राचे मालकही तेच. तेवढ्या वेळात पब्लिकनं उठून जाऊ नाही म्हणून एक पोट्टा माइकपुढं सोडतात. तो पोट्टा मी. सिनेमातले नट, निवडणुकीतले पुढारी, घाट चढती यष्टी, घाट उतरती यष्टी, कुत्र्याईचं भांडण, सासू-सुनेचं भांडण. शेवटच्या दोहीत फार फरक नाही, कुत्रे लवकर थांबतात.

हे शिकलो भिवापूरच्या शाळेत. हेडमास्तरच्या खोलीच्या पडद्यामागून त्याईच्याच आवाजात "आज अर्धी सुट्टी" असं म्हटलं अन् शाळा खाली झाली. हेडमास्तरही छत्री घेऊन घरी निघाले होते. अर्ध्या रस्त्यात त्याईले आठवलं का आपण तर असं काही बोललोच नाही.

आमचा हंगाम गणपतीपासून चालू होई, दिवाळीनंतर भंडाऱ्याकडच्या मंडया, म्हणजे गावोगावचे नाच-गाण्याचे मेळे, मंग जत्रा, मंग लग्नं. पाऊस लागला का बेकार. एक मेटाडोर, त्यात सारे वाद्यं, वाद्याईच्या मधातल्या जागेत आम्ही. मास्तर म्हणत, "पोट्टेहो, आर्केस्ट्रा कवाही गाण्यानं बुडत नाई, हॉटेलच्या बिलानं बुडते." म्हणून रस्त्यावरचं खाणं हा आमच्याकडं गाण्याच्या बरोबरीचा विषय होता.

त्यातला पहिला धडा असा. बोलावणाऱ्यानं "जेवण आमच्याकडे" असं म्हटलं का घरून खाऊन निघावं. गोंदियाकडच्या एका गावात मंडईले गेलो. गावात दोन पार्ट्या. आर्केस्ट्राले जेवू घालायचा मान कोणाचा, यावर दोहीची जुंपली. दोहीकडं सैपाक तयार, अन् आम्ही मधातल्या पिंपळाखाली उपाशी. इकडं जेवलो तर तिकडचे तंबू पाडतीन, तिकडं जेवलो तर इकडचे. मास्तर म्हणाले, कोणीच जेवायचं नाही, आपण कलावंत आहो. मी कलावंत जरा कमी होतो. हळूच उठलो, एका घरी माह्या आवाजात जेवलो. दुसऱ्या घरी बाईनं दाराआडून विचारलं, कोण जी? मी मास्तरच्या आवाजात म्हटलं, मी मास्तर, चष्मा गाडीत राहिला. तिथं पाटोडीचा रस्सा होता. मास्तरले अजूनही ते गाव फार मानते. मास्तर काहून मानते म्हणून विचारात पडतात.

दुसरा धडा मास्तरचाच. पीठ आपलं, चूल दुसऱ्याची. गाडीत ज्वारीच्या पिठाची थैली कायम राहत होती, अन् माह्या घरून आलेलं भिवापूरचं तिखट. दुपारी कुठं गाडी थांबली का गावातल्या शेवटच्या घरी जायचं. पहिल्या घरी नाही. पहिल्या घराले येणाराजाणारा रोजच त्रास देते, शेवटच्या घरी कोणी येत नाही, तिथं पाहुण्याचं कौतुक राहते. मावशी म्हणायचं, पीठ पुढं करायचं. हरेक दहा बायाईतली एखादी नाही म्हणे, बाकीच्या चुलीपुढं बसतच. भाकरी थापून होत अन् ओंजळभर तिखट तिच्या हाती ठेवलं का झाकून ठेवलेलं वांगं बाहेर निघे. भिवापूरचं तिखट नोटेसारखं चालते, अन् फाटत नाही.

अन् तिसरा धडा हा का हॉटेलात ताटाले काय भेटते ते पाहू नाही, वाढणारा अन् रांधणारा यांच्यात अंतर किती ते पाहावं. अंतर जास्त असलं तर भाजी थंडी. पडदा असला तर माह्यासारख्याचं भलं. त्या काळी ताटात भाजी एकदाच, जास्तीची घेतली का जास्तीचे पैसे. वाढणारा बाहेरून ओरडे, आतून वाटी येई. मी वाढणाऱ्याचा आवाज दोन घासात उचलून घेई, अन् तो बाहेर पाणी भरायले गेला का पडद्याकडं तोंड करून म्हणे, एक वांगं वाढव. आतून वांगं येई. चंद्रपूरपासून बालाघाटपावतो माहं असं चाललं. पकडलो एकदाच. तिथंच खरी गोष्ट चालू होते.

नागपूरच्या बस स्टँडच्या मांगं एक बोळ होती. दोन माणसं समोरासमोर आले तर एकाले परत जावं लागे, एवढी. तिच्या आखरीले डोमाजीची खानावळ. पाटी नाही, टेबल नाही, चटया अन् पाट. रांधे त्याची बायको, अनसूयामावशी. डोमाजी बोळीच्या तोंडाशी खांद्यावर दुपट्टा टाकून उभा राही अन् बोलावे. तीच त्याईची पाटी.

"गरम हाये, घरचं हाये. मंग म्हनसान, सांगतलं नाई."

एवढंच. ओरडणं नाही. त्याचा आवाज पोटातून निघे, मधात विहिरीच्या ओल्या दोरासारखा जरा अडके, अन् "नाई" जवळ लांब जाऊन खाली बसे. म्हणजे ऐकणाऱ्याले वाटे, हा माणूस स्वतः जेवून उठला आहे अन् आपली जागा आपल्याले देऊन राहिला. गिऱ्हाईक बोळीत वळलं का डोमाजी आतल्या दिशेनं म्हणे, "पान टाक वं, मानूस आला." आतून मावशी म्हणे, "टाकलं जी." पान कधीच टाकलेलं नसे. पण माणूस बोळ पार करून येईपावतो ताट, पाणी, मीठ, कांदा, सारं तयार.

मी पहिल्यांदा गेलो तवा त्याईच्याकडं गोळाभात होता. बाहेरच्या वाचकाले सांगतो. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा तिखटमीठ घालून भिजवायचा, त्याचे गोळे भाताच्या वाफेवर शिजवायचे, अन् वरून कडकडीत फोडणीचं तेल. खायची एक रीत आहे. पहिले गोळा फोडावा, मंग तेल घ्यावं. आधी तेल घेतलं का ते भातातून खाली जाते अन् गोळा कोरडा राहते. पैसे वाया.

माहा गोळा संपला. भात राहिला. डोमाजी बोळीच्या तोंडाशी. मी त्याच्या आवाजात आतल्या दिशेनं म्हटलं, "त्या पोट्ट्याले आनखी एक गोळा घाल." मावशी आली, घालून गेली. खपलं म्हटलं का माणूस थांबतो का? मी अजून जरा रंग भरला.

"अनसूये, तेल बी घाल त्याले."

आत भांड्याचा आवाज बंद झाला. मावशी हातातल्या पळीसकट बाहेर आली अन् सरळ माह्यापुढं उभी राहिली.

"कोन बे तू?"

मी म्हटलं, मी काहीच नाही बोललो मावशी, ते बाहेरून आलं. ती म्हणाली, "माह्या मालकानं लगन झाल्यापासून माहं नाव नाई घेतलं. बाहेरून कसं यीन?"

नाव मले बाजूच्या गिऱ्हाईकानं सांगितलं होतं. आमच्याकडच्या जुन्या माणसाईच्या तोंडी बायकोचं नाव येत नाही, ते वं वर भागवतात, हे मले ठाऊक होतं. माह्या बापानं माह्या मायचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. पण गोळ्यापुढं ध्यान राहिलं नाही.

डोमाजी मांगं येऊन उभा होता. मले वाटलं आता पळी पडते. तो चटईवर बसला अन् हासत हासत दुपट्ट्यानं डोळे पुसू लागला. म्हणे, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं, पण नाव सोडून. तो म्हणे, अरे, मी असा बोलतो? मावशी म्हणे, तुमी याच्यावून बेकार बोलता. अन् तेल घालून गेली.

तवापासून आमचं एक ठरलं. फिरतीवरून नागपुरात उतरलो का मी बोळीच्या तोंडाशी जायचं, डोमाजीनं गप्प राहायचं, अन् त्याच्या आवाजात मी म्हणायचं, पान टाक वं, मानूस आला. मावशी म्हणे, टाकलं जी. मंग आम्ही दोघं आत शिरत. कोणता आवाज कोणाचा, हे तिनं ओळखायचं. ती दर वेळी बरोबर ओळखे. कशी ओळखते म्हणून विचारलं तर म्हणे, तुह्या आवाजात भूक राहते.

डोमाजीनं मले हाका मारायचं शास्त्र शिकवलं. तेच शास्त्र वापरून मी आज रायपूर विकतो. भुकेला माणूस हॉटेलाकडं नाही पाहत, तो स्वतःच्या पिशवीकडं पाहते. साऱ्या स्टँडले नको बोलावू, त्या एकाले बोलाव. अन् बोलावून झालं का दुसरीकडं पाहा, म्हणजे त्याले यायले लाज नाही वाटत. कोर्टाच्या कामानं आलेले, दवाखान्यात माणूस ठेवून आलेले, धरमपेठेत पोरीसाठी पोरगा पाहून उपाशी परतलेले, सारे त्या बोळीत वळत. मोठ्या हॉटेलात जेवले असते तर परतीच्या तिकिटाले हात लागला असता.

मंग एका वर्षी आमची फिरती लांबली. लग्नसराई छत्तीसगडाकडं गेली, तिकडूनच तिकडं कार्यक्रम भेटत गेले. पाऊस तोंडावर आला तवा नागपुरात उतरलो. दुपार होती. कपड्याची पेटी गाडीतच ठेवली अन् पोटावर हात फिरवत बोळीकडं गेलो. तोंडाशी डोमाजी नव्हता. मले वाटलं आत असन, नाहीतर माह्यासाठी लपला असन. मी खाकरलो अन् त्याच्या आवाजात म्हटलं,

"पान टाक वं, मानूस आला."

"टाकलं जी," आतून आलं.

लगेच आलं, नेहमीसारखं. मंग काहीच आलं नाही. ना भांडं वाजलं, ना पाणी. मी बोळीतून आत गेलो तर चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या. मावशी दारात. हातात ताट. कपाळ कोरं.

मी काय बोललो ते आठवत नाही. बोललो असन तर कोणाच्या आवाजात, तेही नाही आठवत. तिनं ताट खाली ठेवलं अन् म्हणाली, "बस. टाकलं म्हनलं नं, आता रिकामं उचलू का?" घरात भात अन् वरण होतं, तिच्यापुरतं. ते तिनं मले वाढलं. जेवताना सांगितलं. लग्नाच्या दिवसाईतलं ऊन, चार दिवस ताप, दवाखाना, झालं.

खानावळ बसली होती. मावशी तसंच रांधे, पण बोळीच्या तोंडाशी कोणी नव्हतं, अन् बोळ अशी का बोलावल्याबिगर कोणी वळत नसे. दोन-चार जुने लोक येत, तेही मान खाली घालून जेवून जात. डोमाजीचा लहान भाऊ नथ्थूजी, घरात त्याचाही हिस्सा. त्याले समोरच्या खोलीत व्हिडिओ लावून तिकिटावर सिनेमे दाखवायचे होते. तवा व्हिडिओचं नवंच वेड होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणे, वहिनी, दिवाळीपावतो पाहा, चालली तर चालली. नाही तर समोरची खोली मले द्या, मांगच्या खोलीत तुम्ही राहा, दोन टाइम आमच्या घरून ताट येईन.

मावशीनं मले हे सांगितलं अन् माह्या ताटात ताक ओतता ओतता म्हणाली, "जल्मभर मी दुसऱ्याईचे पानं टाकले. आता माहं पान कोनी टाकन, अन् मी त्याची वाट पाहात बसन का गा?"

पावसाळा होता, आर्केस्ट्रा बंद, मी बेकार. मी म्हटलं, मावशी, तू रांध, बोलावतो मी.

दुसऱ्या दिवशी डोमाजीच्या जागेवर उभा राहिलो. दुपट्टाही तसाच टाकला. गरम हाये, घरचं हाये. मंग म्हनसान, सांगतलं नाई. आवाज इतका बेमालूम लागला का पानवाला ठेल्याबाहेर येऊन पाहून गेला. जुने गिऱ्हाईक यष्टीतून उतरता उतरता थबकत. उमरेडचा एक म्हातारा शेतकरी, डोमाजीकडं वर्षानुवर्षं जेवलेला, त्यानं माह्याकडं पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली अन् बोळीत वळला. माणसं येऊ लागले. मी ओरडे, पान टाक वं. ती म्हणे, टाकलं जी. मले वाटलं जिंकलो. आर्केस्ट्रात टाळ्या घेतल्यावर वाटे तसं वाटलं.

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी भर दुपारी मावशी बोळीच्या तोंडाशी आली. इतक्या वर्षात ती तिथं आलेली मी पाहिली नव्हती. डोक्यावर पदर, हाताले पीठ. माह्याकडं न पाहता स्टँडकडं पाहात म्हणाली,

"त्याहिचा आवाज बंद कर."

मी म्हटलं, काहून मावशी, गिऱ्हाईक तर येऊन राहिलं.

"येऊन राहिलं. पन मी हरेक डाव आतून 'टाकलं जी' म्हनतो, अन् हरेक डाव दुसराच मानूस येते." तिनं हाताचं पीठ झाडलं. "त्याहिचा आवाज गिऱ्हाईकाईले नको देऊ गा. तो मले ठेव. लोकाईले तुहा दे."

"माहा आवाज कोन आयकते मावशी?"

"भूक लागली त आयकते."

अन् ती आत गेली.

आता माही फजिती ऐका. माइकपुढं हजार माणसाईत मी कवा घाबरलो नाही, पण तिथं माह्या आवाजात बोलायची वेळ आली अन् तोंड उघडेना. पहिल्या दिवशी पुढाऱ्याच्या आवाजात बोलावलं, लोक हासले अन् पुढं गेले. मंग सिनेमातल्या नटाच्या. पोट्टे जमा झाले, जेवायले कोणी नाही. मंग उगीच गोड बोललो, तर एका बाईनं पदर सावरला अन् दुसऱ्या बाजूनं गेली. माहा स्वतःचा म्हणजे भिवापूरचा आवाज, बारका, नाकातला, उकडलेल्या बटाट्यासारखा, ना तिखट ना मीठ. माह्या मायशिवाय कोणी त्याले ओ दिली नव्हती.

शेवटी थकलो अन् भिंतीले टेकून, दवाखान्यातली पिशवी घेऊन बसलेल्या एका माणसाले नुसतं सांगितलं. "आज अंबाडीची भाजी हाये. भाकर ज्वारीची. बसाले चटई हाये, पाय लांब करता येतेत." बोलावणंच नव्हतं ते, बातमी होती. तो माणूस उठला. मी दुसरीकडं पाहिलं. तो बोळीत वळला.

मी आत सांगितलं, मावशी, एक जण आला. मावशी आतून म्हणाली, "यीऊ दे." टाकलं जी नाही म्हणाली. ते तिनं मंग कोण्या गिऱ्हाईकाले म्हटलं नाही.

असंच मंग रोज. सकाळी मी चुलीशी जाऊन काय शिजून राहिलं ते पाहायचो अन् तेच स्टँडवर सांगायचो. वांगं जळलं असलं तर तेही सांगायचो. लोकाईले हे आवडलं, कारण स्टँडवर खरं बोलणारा दुसरा कोणी नव्हता. गणपतीत आर्केस्ट्रा सुरू झाला तरी मास्तरनं मले सूट दिली. कार्यक्रम असला का जाई, नसला का बोळीच्या तोंडाशी. दसऱ्यापावतो चटया पुरेनाशा झाल्या. बोळीत जेवून निघणारा अन् जेवायले येणारा यांची टक्कर होऊ लागली. दिवाळीच्या आदल्या दिवशी नथ्थूजी आला, जागा नव्हती, उभा राहिला. मंग पाटावर बसून स्वतःच जेवला, बोटं चाटले, अन् व्हिडिओचा विषय काढला नाही. जाता जाता फक्त म्हणाला, वहिनी, चटया नवीन घ्या.

त्या दिवशी दुपारची शेवटची पंगत उठली. मी हात धुतले. मले संध्याकाळी कार्यक्रमाले निघायचं होतं. मावशी चूल सारवून राहिली होती. पाठमोरी बसूनच म्हणाली, "तुले एक मांगू का?"

मी म्हटलं, माग.

"पहिल्या दिवशी, गोळ्यासाठी बोल्ला होता नं तू. त्याहिच्या आवाजात." तिचा हात चुलीवरून फिरतच होता. "तसं एकदा म्हन. नावानं."

मी बोळ चालून तोंडाशी गेलो. स्टँडवर सणाची गर्दी, पोरं, पिशव्या, संत्र्याच्या टोपल्या. मी गर्दीकडं पाठ केली. पोटातून आवाज काढला, मधात जसा अडकायचा तसा अडकू दिला. खरं सांगतो, तो अडकवावा लागला नाही.

"अनसूये. पान टाक. मानूस आला."

स्टँडवरच्या एका यष्टीनं हॉर्न दिला, ती गेली. मंग आतून आलं,

"टाकलं जी."

मी तसाच स्टँडवर निघून गेलो, पानवाल्याकडं ठेवलेली पेटी उचलली, गाडीत बसलो. आत जायची माही हिंमत झाली नाही. तिनं ते पुन्हा कवा मागितलं नाही, मी पुन्हा कवा म्हटलं नाही. खानावळ मात्र त्याच्यानंतर बरेच वर्षं चालली. मी नसलो का स्टँडवरचा एक हमाल बोलावे, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

पुढं व्हिडिओ गल्लोगल्ली झाला, लोक घरबसल्या नट पाहू लागले, नकला कोण पाहते? मास्तरनं अकॉर्डियनले गवसणी घातली. मावशीचे गुडघे गेले, तिची पोरगी पारशिवनीले दिलेली, ती येऊन तिले घेऊन गेली. बोळ आता भिंत बांधून बंद केली आहे. मी रोज ज्या पायरीवर उभा राहतो तिथून ती भिंत दिसते. प्रवासी विचारतात, भाऊ, जेवाले कुठी चांगलं भेटन? मी त्याईले चार हॉटेलं सांगतो, खरं-खोटं दोन्ही सांगतो. सांगता सांगता हात त्या भिंतीकडं जाते, मंग तोच हात डोक्यावर फिरवून परत आणतो.

औंदा सुट्टी काढून पारशिवनीले गेलो. सोबत भिवापूरचं तिखट घेतलं. मनात ठरवलं होतं का या वेळी तिले डोमाजीचा आवाज न मागता द्यायचा. घर शेवटचंच होतं, गावाबाहेर, मागं धानाची बांधी. पोरगी शेतात गेली होती. अंगणात कोणी नाही, आत चुलीचा धूर. मी कुंपणाशी उभा राहिलो, दुपट्टा खांद्यावर घेतला, दम भरला अन् म्हटलं, पान टाक वं, मानूस आला.

आवाज आलाच नाही. म्हणजे डोमाजीचा आला नाही. वर्षानुवर्षं रायपूर रायपूर करून गळ्यातला तो ओला दोर कुठं तुटला, मले पत्ताही नाही. निघाला तो माहाच, बारका, नाकातला, त्यात रायपूरची घरघर. मले वाटलं, उलटं फिरावं अन् यष्टी पकडावी.

"टाकलं जी," आतून आलं.

आत गेलो तर ती भिंत धरून उभी होती, अन् पाटापुढं खरंच ताट. गोळाभात. ती पोरीची वाट पाहात होती का कोणाची, मी विचारलं नाही. मी तिखटाची पुडी खाली ठेवली अन् म्हटलं, मावशी, आवाज बराबर नाई आला.

"आला नं," ती म्हणाली. "मानूस आला म्हनलं, मानूस आला. बस."

मी बसलो. पहिले गोळा फोडला. तेल तिनं तिच्या हातानं घातलं.